तत्त्व की हुन्नर? : भारतातील संगणकशिक्षणाची साठ वर्षे

शाळेचा हीरक महोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. साठ वर्षांत किती मुले शिकली, कोणी शिकवले, इमारत कशी उभी राहिली, हे या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. या लेखात एक निराळा हिशेब मांडावयाचा आहे. मराठी मुलखाबाहेर राहून मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला गेल्या तीन-चार दशकांत ज्या विद्येने सर्वाधिक ओढ लावली, ती संगणकाची विद्या होय. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांची उपजीविका तिच्यावर चालते. आज शाळेत असलेल्या मुलांच्या पालकांपैकी बहुतेकांच्या मनात तिचा विचार एकदा तरी येऊन गेलेला असतो.

योगायोग असा की, आपली शाळा आणि भारतातील संगणकाचे रीतसर शिक्षण ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. या शिक्षणाच्या मागे आरंभापासून एक प्रश्न लागलेला आहे. विद्यार्थ्याला या शास्त्राची मूलतत्त्वे शिकवावीत, की त्याच्या हाती नोकरीला उपयोगी पडेल असे हुन्नर द्यावे? विद्यापीठांच्या सभागृहांत हा प्रश्न तात्त्विक वाटतो. बारावीच्या निकालानंतर घरात तोच प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्यात वडिलांची बचत, मुलीचे वय आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण हे सगळे गुंतलेले असते. म्हणून त्याचे उत्तर मतांपेक्षा इतिहासात शोधणे बरे.

यंत्र दुर्मीळ होते तेव्हा

भारतात पहिला अंकीय संगणक आला तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५मध्ये. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या या संस्थेला नियोजनासाठी लागणारी अवाढव्य आकडेमोड करावयाची होती. त्यासाठी इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र मागवण्यात आले. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांचे सहकारी स्वतःच एक संगणक उभारत होते. १९६०मध्ये तो पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

त्या काळी संगणक शिकणे म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. यंत्र बांधणारा, त्याची दुरुस्ती करणारा, त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणारा आणि तिचा वापर करून संशोधन करणारा, हे बहुधा एकाच खोलीत बसलेले लोक असत. ते भौतिकशास्त्र, गणित किंवा सांख्यिकीचे अभ्यासक होते. तत्त्व आणि हुन्नर वेगळे काढण्याची सोयच नव्हती. एखादी आज्ञावली का चालत नाही हे कळण्यासाठी यंत्र आतून कसे चालते हे माहीत असावे लागे.

रीतसर वर्ग भरू लागले ते कानपूरला. तेथील आयआयटी १९५९मध्ये स्थापन झाली. नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या सहकार्याचा कार्यक्रम तिला १९६२पासून लाभला आणि ऑगस्ट १९६३मध्ये आयबीएम १६२० हा संगणक तेथे येऊन पोहोचला. हॅरी हस्की, व्ही. राजारामन, एच. एन. महाबल अशा अध्यापकांनी तेथे फोरट्रान भाषेतील प्रोग्रॅमिंग शिकवायला आरंभ केला. देशभरातील प्राध्यापक, अभियंते आणि संशोधक यांच्यासाठी अल्पमुदतीचे सघन वर्ग चालवले गेले. पंचकार्डांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभे राहायचे आणि एका चुकलेल्या स्वल्पविरामामुळे सगळा गठ्ठा परत घ्यायचा, अशा वातावरणात ही पहिली पिढी घडली. यंत्राचा वेळ महाग असल्यामुळे कागदावर विचार करणे सक्तीचे होते.

राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक १९६९मध्ये निघाले. परदेशी पुस्तके आवाक्याबाहेर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते स्वस्तात उपलब्ध करण्यात आले आणि त्याने अनेक पिढ्यांना हात दिला. कानपुरात याच वर्षी एम.टेक. झालेल्यांत एन. आर. नारायण मूर्ती होते. बारा वर्षांनी, १९८१मध्ये, त्यांनी सहा सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. लाखोंना ‘नोकरी देणारे क्षेत्र’ म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्याच्या उभारणीतील काही हात नोकरीचे नाव न घेणाऱ्या वर्गांतून आले होते, याची नोंद येथे करून ठेवू.

नोकरी घेणारे यंत्र, नोकरी देणारे यंत्र

संगणक म्हणजे रोजगार हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की, एके काळी ते नेमके उलटे होते हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक बसवण्यास कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. यंत्र कारकुनांच्या जागा खाईल, ही त्यांची भीती होती. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, आणि समितीचा अहवाल १९७२मध्ये आला. ज्या देशात हाताला काम नाही तेथे हे यंत्र किती आणि कोठे वापरावे, हा त्या काळचा प्रामाणिक प्रश्न होता. अशा देशात संगणकाचे ‘नोकरीसाठी’ शिक्षण देण्याची कल्पना सुचणेच कठीण होते.

चित्र पालटण्यास कारण झाले ते १९७८. परकीय चलन नियमन कायद्याखालील भागभांडवलाची अट मान्य न झाल्याने आयबीएमने त्या वर्षी भारतातून गाशा गुंडाळला. जगात जुनी ठरलेली १४०१ मालिकेची यंत्रे नीट करून येथे भाड्याने देण्याचा तिचा व्यवसाय होता. ती यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. आता निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या बांधणीची यंत्रे देशात येऊ लागली. एका यंत्रावरची आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेणे हा नव्या भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचा एक मोठा उद्योग झाला. ज्याला एकाच यंत्राच्या कळा पाठ होत्या तो येथे अडला. ज्याला भाषांतरक, स्मृती आणि प्रचालन प्रणाली यांची तत्त्वे ठाऊक होती त्याचे निभावले.

याच वेळी माणसे अपुरी पडू लागली. आयआयटींतून बाहेर पडणारे मूठभर पदवीधर बँका, रेल्वे, विमा, वीजमंडळे आणि कारखाने यांच्या गरजेला कसे पुरणार? इलेक्ट्रॉनिक्स आयोगाच्या मनुष्यबळविषयक समितीचे अध्यक्षपद राजारामन यांच्याकडे होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या विचारमंथनातून एमसीए हा नवा अभ्यासक्रम जन्माला आला. गणिताची बैठक असलेल्या कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांत संगणकाच्या उपयोजनासाठी तयार करावयाचे, ही त्यामागील योजना होती. त्यात विदासंरचना आणि प्रचालन प्रणाली होत्या, तसेच हिशेबशास्त्र आणि व्यवस्थापनही होते. अखेरच्या सत्रात प्रत्यक्ष उद्योगात जाऊन प्रकल्प करावा लागे. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्या, अभियांत्रिकीची फी न परवडणाऱ्या मध्यमवर्गीय मुलामुलींसाठी हा दरवाजा फार मोलाचा ठरला. तत्त्व आणि हुन्नर यांची सांगड घालण्याचा आपल्याकडील हा पहिला विचारपूर्वक प्रयत्न होय.

वर्गांचा सुवर्णकाळ आणि त्याचा अस्त

विद्यापीठे मात्र मंदगतीने हलतात. मागणी आणि पुरवठा यांत जे अंतर उरले, ते खासगी संस्थांनी भरून काढले. १९८१मध्ये एनआयआयटी आणि १९८६मध्ये ॲप्टेक सुरू झाली. नोव्हेंबर १९८४मधील राजीव गांधी सरकारच्या नव्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली. त्याच सुमारास ‘क्लास’ या सरकारी योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर संगणक दिसू लागला, आणि सामान्य माणसाच्या मनातली धास्ती जाऊन तेथे आकांक्षा आली.

नव्वदच्या दशकात शहरातील प्रत्येक मोठ्या चौकात संगणकवर्गाची पाटी झळकू लागली. या वर्गांकडे आज तुच्छतेने पाहण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. त्यांनी कोणाला जवळ केले ते पाहावे. कला शाखेची पदवीधर, टंकलेखन शिकलेला कारकून, प्रादेशिक भाषेत शिकलेला मुलगा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी अशा, विद्यापीठाच्या संगणक विभागाने उंबऱ्याशीही येऊ दिले नसते त्या लोकांना या वर्गांनी कळफलकासमोर बसवले. या वर्गांची प्रत सर्वत्र सारखी नव्हती, हे ओळखून सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या साहाय्याने १९९०मध्ये डोएक योजना सुरू केली. ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्यांची ही शिडी होती. अगदी खालच्या पायरीवरून चढू लागलेल्या विद्यार्थ्यालाही पुढे तत्त्वांपर्यंत पोहोचता यावे, ही तिची कल्पना आजही अनुकरणीय वाटते.

तथापि या काळातून शिकण्याजोगा धडा वेगळा आहे. शतकाच्या अखेरीस ‘वायटूके’चा प्रश्न उभा राहिला. जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रे ते १९०० समजतील, ही भीती होती. या दुरुस्तीसाठी कोबोल भाषा जाणणाऱ्यांची एकाएकी गरज भासली. १९६०च्या सुमारास तयार झालेली, अस्तंगत समजली जाणारी ही भाषा शिकवणारे वर्ग भरभरून चालू लागले. काम वेळेत पार पडले. भारतीय कंपन्यांची जगात पत वाढली. मात्र १ जानेवारी २००० उजाडला आणि ती गरज सरली. पाठोपाठ जावा आणि ई-कॉमर्सची लाट आली. अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर तीही ओसरली. ज्यांनी केवळ एक भाषा आणि एक साधन विकत घेतले होते, त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत त्या साधनाबरोबर संपली. ज्यांना कोबोल शिकताना फाइलची रचना, क्रमवारी लावण्याच्या पद्धती आणि मोठ्या आज्ञावलीची विभागणी यांचे मर्म उमगले होते, ते दुसऱ्या भाषेकडे वळले आणि टिकून राहिले. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांचे नशीब असे वेगळे झाले.

तत्त्वाचे उशिरा येणारे फळ

या धामधुमीत तत्त्वाचा अभ्यास करणारे काय करीत होते? त्यांच्याविषयी तीन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण पुण्याचे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला हवा असलेला शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एकच वेगवान प्रक्रियक मिळत नसेल तर अनेक साधे प्रक्रियक एकमेकांस जोडून त्यांच्यात काम वाटून द्यावे, या समांतर संगणनाच्या तत्त्वावर तो उभा होता. तयार यंत्र चालवण्याचे शिक्षण कितीही उत्तम असले, तरी यंत्रच नाकारले गेले त्या दिवशी ते निरुपयोगी ठरले असते. पुढे १९९३मध्ये याच सी-डॅकने प्रगत संगणनाचे प्रशिक्षण देणारी शाखा काढली, आणि तिच्या पदविकेने इतर शाखांच्या असंख्य अभियंत्यांना या क्षेत्रात आणले. तत्त्वावर उभ्या राहिलेल्या संस्थेनेच हुन्नराचाही उत्तम वर्ग चालवला.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे आहे. देवनागरीत जोडाक्षरे शेकड्यांनी आहेत. प्रत्येक जोडाक्षराचे चित्र यंत्रात साठवू पाहिल्यास काम आटोक्याबाहेर जाते. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे इत्यादींनी ऐंशीच्या दशकात केलेल्या कामाचे मर्म असे : यंत्राने आकृती साठवू नये, वर्ण साठवावेत. क्, ष आणि अ एवढे सांगितले की ‘क्ष’ कसा दिसावा ते यंत्राने ठरवावे. ब्राह्मीपासून उगम पावलेल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच असल्यामुळे हीच मांडणी बंगालीला, तेलुगूला आणि तमिळलाही लागू करता आली. हे काम पुढे सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढले. १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधारे झाली. दूरदेशी राहणारा आपला माजी विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवर आईला मराठीत निरोप लिहितो, तो आपल्या पूर्वसूरींच्या वर्णविचारावर उभा आहे. टंकलेखन यंत्राच्या कळा पाठ करण्याच्या शिक्षणातून हे निष्पन्न झाले नसते.

तिसरे उदाहरण ऑगस्ट २००२चे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत अस्तित्वात आहे काय, हा गणितातला जुना प्रश्न होता. कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. यांतील कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते. जगभरच्या गणितज्ञांनी या शोधाचे कौतुक केले आणि २००६मध्ये त्याला गोडेल पारितोषिक मिळाले. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांकडे सगळ्या देशाचे डोळे लागलेले असताना दोन विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्षांत अशा प्रश्नाजवळ बसता आले, हे कानपूरच्या त्या जुन्या परंपरेचेच फळ म्हणावे लागेल.

कंपन्यांनी काढलेल्या शाळा

एवढे असूनही बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला ना तत्त्व आले, ना हुन्नर. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दक्षिणेकडील राज्यांतही खासगी महाविद्यालये झपाट्याने वाढली. जागा वाढल्या, पण शिकवणारे वाढले नाहीत. कारण ज्याला संगणकशास्त्र उत्तम येई त्याला उद्योगात कितीतरी अधिक वेतन मिळे. परिणामी तत्त्वाच्या नावाखाली व्याख्या पाठ करणे आणि प्रात्यक्षिकाच्या नावाखाली वही उतरवणे सुरू झाले. नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या २००५च्या अहवालात तंत्रशिक्षित पदवीधरांपैकी सुमारे चौथा हिस्साच मोठ्या कंपन्यांत लगेच घेण्याजोगा असल्याचे म्हटले होते, आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली.

कंपन्यांनी यावर आपला उपाय शोधला. इन्फोसिसने मैसूरला विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र उभारले, टीसीएसने तिरुवनंतपुरमला. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांनाही निवडून, काही महिने वेतन देऊन शिकवण्यात येऊ लागले. या घटनेचा अर्थ बारकाईने लावला पाहिजे. नोकरीला लागणारे नेमके हुन्नर काही महिन्यांत, कंपनीच्या खर्चाने शिकवता येते, हे नोकरी देणाऱ्यांनीच आपल्या कृतीने सिद्ध केले. निवड करताना त्यांनी पाहिले ते तर्क, आकडेमोडीची समज, भाषा आणि शिकण्याची तयारी. म्हणजे चार वर्षांच्या पदवीने जे द्यावयाचे ते हेच होते. महाविद्यालयांनी मात्र उलटा अर्थ घेतला आणि कंपनीच्या अभ्यासक्रमाची नक्कल वर्गात आणण्याचा सपाटा लावला.

मसाविची गोष्ट

‘तत्त्व की हुन्नर’ असे म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना दोन नावे देतो, हे या वादातील गोंधळाचे मूळ आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या शाळेच्या पाचवी-सहावीच्या गणितातून स्पष्ट करता येतील.

२५२ आणि १९८ यांचा मसावि काढावयाचा आहे. भागाकार पद्धतीने २५२ला १९८ने भागले की बाकी ५४. १९८ला ५४ने भागले की बाकी ३६. ५४ला ३६ने भागले की बाकी १८. ३६ला १८ने निःशेष भाग जातो. मसावि १८. आता पाहा. एखाद्या तयार साधनात दोन संख्या भरून कळ दाबणे ही साधनाची ओळख. ही रीत स्वतः बिनचूक लिहून यंत्राकडून करवून घेणे, चुकल्यास चूक हुडकणे, हे हुन्नर. आणि प्रत्येक पायरीवर बाकी लहानच होत जाते म्हणून ही रीत कधीतरी थांबणारच, शिवाय भाजक आणि बाकी यांचा मसावि मूळ संख्यांच्या मसाविइतकाच राहतो म्हणून उत्तर बरोबरच येणार, हे कळणे म्हणजे तत्त्व.

ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९मधील ‘आर्यभटीया’त कुट्टकाची जी पद्धत सांगितली तीही परस्पर भागाकाराचीच आहे. आणि आज आपण बँकेचे व्यवहार भ्रमणध्वनीवरून करतो तेव्हा ते सुरक्षित ठेवणाऱ्या सांकेतिक लेखनातही हीच रीत वापरली जाते. कोबोलची सद्दी काही दशके चालली, कित्येक साधने पाच वर्षेही टिकत नाहीत. मसाविची रीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ कामावर आहे.

या तिहेरी भेदाने पाहिले तर साठ वर्षांचा इतिहास बराच स्वच्छ दिसतो. कानपूरच्या आरंभीच्या वर्गांत तत्त्व आणि हुन्नर एकत्र होते. एमसीएने ती सांगड मोठ्या संख्येसाठी करून पाहिली. नव्वदच्या दशकातील उत्तम वर्गांनी हुन्नर दिले, सुमार वर्गांनी हुन्नराच्या नावाखाली साधनाची ओळख विकली. साधनाची ओळख ही त्याज्य नव्हे. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लाखोंना मराठीतून संगणक-साक्षर केले, ही मोठी सामाजिक सेवा आहे. पण साक्षरता म्हणजे विद्वत्ता नव्हे, आणि त्या अभ्यासक्रमाने तसा दावाही केला नाही. घोटाळा होतो तो साक्षरतेच्या मोलाची वस्तू पदवीच्या भावात घेतली जाते तेव्हा.

वाट पाहण्याची किंमत कोणी द्यावयाची?

तत्त्वाच्या बाजूने एवढे बोलल्यावर एका आक्षेपाला सामोरे जाणे आवश्यक आहे. तत्त्वाचे फळ उशिरा येते. ज्या घरात मिळवता हात एकच आहे, त्या घराला चार-सहा वर्षे थांबणे परवडत नाही. ‘आधी पाया पक्का करा’ हा उपदेश पोट भरलेल्याने उपाशी माणसाला करण्यासारखा होऊ शकतो. प्रतिष्ठित संस्थांत तत्त्व आणि गल्लीतल्या वर्गात हुन्नर, अशी विभागणी आपल्याकडे झाली तिच्यामागे बुद्धीपेक्षा पैसा आणि संधी यांचा भेद अधिक आहे. पहिल्या गटातला विद्यार्थी साधन बदलले की नवे साधन शिकतो. दुसऱ्या गटातल्याला पुन्हा फी भरून नवा वर्ग लावावा लागतो. म्हणजे ज्याच्याजवळ कमी आहे त्यालाच बदलाची किंमत वारंवार मोजावी लागते.

या आक्षेपात पूर्ण तथ्य आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष निघतो तो तत्त्व वगळावे असा नाही. गरिबाला लवकर कमावता यावे म्हणून हुन्नर आधी द्यावे, पण ज्या शिडीवर तो उभा आहे तिच्या वरच्या पायऱ्या काढून घेऊ नयेत, असा तो निघतो. डोएकच्या चार पायऱ्या, आयआयटींचे वर्ग घरबसल्या विनामूल्य पाहण्याची सोय करणारा २००३पासूनचा एनपीटीईएल प्रकल्प आणि आरंभीचा एमसीए, या तिन्हींचे मोल याच दृष्टीने आहे. कमाई करता करता तत्त्वाकडे परत येता येईल, अशी वाट त्यांनी ठेवली. २०२०मध्ये एमसीएची मुदत तीन वर्षांवरून दोन झाली. त्यात विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचले हे खरे, पण वगळलेल्या वर्षात काय गेले याकडेही लक्ष असले पाहिजे.

आजचा काळ या प्रश्नाला आणखी धार लावतो. नोव्हेंबर २०२२नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची संभाषण करणारी साधने सर्वांच्या हाती आली. नेहमीच्या धाटणीची आज्ञावली ती क्षणार्धात लिहून देतात. आरंभीच्या नोकऱ्यांत नवशिक्याकडून जे काम करून घेतले जाई, त्यातील पुष्कळसे नेमके याच धाटणीचे असते. ज्याला यंत्राने लिहिलेले उत्तर बरोबर आहे की चूक हे ठरवता येत नाही, त्याची गरज घटणार हे उघड आहे. दांडेकर समितीच्या काळातला ‘यंत्र नोकरी घेईल काय’ हा प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा दारात उभा आहे. फरक इतकाच की, या वेळी तो कारकुनाच्या नव्हे, खुद्द प्रोग्रॅमरच्या दारात आहे.

अशा वेळी शाळेने काय करावे? पाचवीतल्या मुलाला एखाद्या कंपनीच्या साधनाच्या कळा पाठ करायला लावणे हे शाळेचे काम नव्हे. तो महाविद्यालयात जाईपर्यंत त्या कळा बदललेल्या असतील. शाळेचे काम अधिक जुने आहे आणि ते आपली शाळा साठ वर्षे करीत आली आहे. भूमितीच्या वहीत ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ असे तीन मथळे घालून मुलगी जेव्हा प्रत्येक विधानापुढे त्याचे कारण लिहिते, तेव्हा ती संगणकशास्त्राचा पहिला पाठ गिरवत असते. दिलेले काय, मिळवायचे काय, आणि प्रत्येक पाऊल कशाच्या आधारे टाकले, हे स्पष्ट सांगता येणे म्हणजेच आज्ञावलीचा विचार. हा विचार मातृभाषेत पक्का झाला की इंग्रजीतील संज्ञा शिकणे फारसे कठीण जात नाही, याची साक्ष या क्षेत्रात नाव मिळवलेले आपले माजी विद्यार्थी देतील.

त्यांच्याकडून शाळेची एक रास्त अपेक्षाही आहे. संगणकाच्या खोलीसाठी नवी यंत्रे देणगी म्हणून येतात, त्यांचे स्वागतच आहे. पण ती यंत्रे काही वर्षांत जुनी होतील. सुट्टीत येऊन आठवी-नववीच्या मुलांना एक महिनाभर मसाविची रीत, क्रमवारी लावण्याच्या दोन-तीन पद्धती आणि त्यांतली कोणती का वेगवान हे मराठीत समजावून सांगणारा माणूस शाळेला हवा आहे. ज्या घरांना वाट पाहणे परवडत नाही, त्या घरांतील मुलांना तत्त्वाची गोडी लागण्याची संधी बहुधा शाळेतच मिळते. शाळा सुटल्यावर नोकरीचा वर्ग त्यांना सापडेल. तत्त्वापाशी थांबायला वेळ देणारी जागा पुन्हा सहजी सापडणार नाही.